नमुना केवढा असावा?

अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी आपल्या जामखेड तालुक्यात आहे. ३१ मे २०२५ ला त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधी ६ मे रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठकही चौंडीत झाली. त्या महिन्यात जामखेड ते चौंडी रस्त्यावर फ्लेक्सची दाटी होती. लांबून सगळे फलक सारखेच भरदार दिसत. जवळ गेल्यावर मात्र काही फलकांवर अहिल्यादेवींच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे पडलेले दिसले. नाकाची कड पायऱ्यापायऱ्यांची झाली होती, तळहातावरच्या शिवलिंगाच्या जागी नुसता काळा डाग उरला होता. एका फलकावर तर पांढऱ्या पदरावरून फिकट करडी इंग्रजी अक्षरे तिरकी गेली होती. ते चित्रे विकणाऱ्या एका संकेतस्थळाचे नाव होते. तीनशेव्या जयंतीला, त्यांच्याच गावच्या वाटेवर, त्यांचे चित्र असे लागावे याचे मला वाईट वाटले आणि अजून वाटते.

यात दोष छपाईच्या यंत्राचा नव्हता, कापडाचाही नव्हता. फलकावर चढवले होते ते चित्र मुळी छापण्यासाठी केलेलेच नव्हते. तो नमुना होता.

चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवर प्रत्येक चित्राच्या दोन प्रती असतात. एक विकायची, मोठी, चार-पाच हजार पिक्सेल रुंदीची, पैसे भरल्यावरच हाती येणारी. दुसरी दाखवायची, लहान, बहुधा अंगावर कंपनीचे नाव गोंदलेली. आयस्टॉक या संकेतस्थळावर नेहमी दिसणाऱ्या नमुन्याची लांब बाजू ६१२ पिक्सेल असते. आता हिशोब करून पाहू. दहा बाय आठच्या फलकावर अहिल्यादेवींचे चित्र चार फूट उंच घेतले, म्हणजे ४८ इंच. ६१२ पिक्सेल ४८ इंचांत पसरले, की इंचाला पावणेतेरा पडतात आणि एकेक पिक्सेल दोन मिलिमीटरचा ठसठशीत चौकोन होतो. फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने इंचाला ७२ बिंदूंवरही काम भागते, पण त्यासाठी चित्र साडेतीन हजार पिक्सेल उंच हवे. हाताशी असते त्याच्या सहाव्या हिश्शाएवढे. उरलेले पाच हिस्से यंत्र कुठून आणणार? आहे तेच ते ताणते.

फ्लेक्सच्या दुकानात हे कसे घडते ते एकदा बसून पाहण्यासारखे आहे. फलक बहुधा आदल्या संध्याकाळी सांगितला जातो आणि पहाटे चौकात बांधायचा असतो. कोरलचे सॉफ्टवेअर उघडून बसलेल्या पोराच्या खुर्चीमागे चार माणसे उभी असतात. कुणाचे नाव वर, कुणाचे खाली, कुणाचा फोटो केवढा, यावर तासभर जातो. मुख्य चित्राची पाळी शेवटी येते. पोरगा म्हणतो, "आप्पा, हा फोटो लई बारीक आहे. मोठा केला की फुटंल. ओरिजिनल नाही का कुणाकडं?" आप्पा म्हणतात, "गूगलला दुसरा बघ की. ढिगानं असत्याल." मग पहिल्या दोन-चार ओळींतला बरा दिसेल तो उचलला जातो. वर करडी अक्षरे असली, तर शेजारचा रंग घेऊन ती पुसली जातात, आणि वेळ नसला तर तशीच राहतात. फोटो व्हॉट्सअॅपवरून नको, डॉक्युमेंट करून पाठवा, हे वाक्य त्या पोराने दिवसातून कितीदा म्हटले असेल! त्याला पिक्सेल कळतात, छपाई कळते, आपण पाठवतो आहोत ते फुटणार हेही आधीच कळते. त्याच्या हाती चांगली फाइल देण्याची जबाबदारी कुणी घेत नाही, एवढेच. म्हणून या सगळ्यात मी त्याला दोष देणार नाही.

नमुना लहान का ठेवतात, याचे उत्तर उघड आहे. शितावरून भाताची परीक्षा व्हावी, पण शितावर पोट भरू नये, असा तो बेत. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉक काढले. सुरुवातीला तिथे चित्रांची फुकट देवाणघेवाण चाले, पुढे अगदी थोड्या पैशांत विक्री सुरू झाली. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंगर यांनी शटरस्टॉक सुरू केले. त्याआधी असे चित्र हवे असले, की एजन्सीला पत्र लिहावे लागे, छापील कॅटलॉग चाळावा लागे आणि फिल्मची पारदर्शिका टपालाने यायची. आता लाखो चित्रे दुकानाच्या फळीवर मांडल्यासारखी समोर आली आणि गिऱ्हाइकाने न विचारता उचलू नयेत म्हणून काय करायचे, हा प्रश्न पडला. दोनच उपाय निघाले. चित्र लहान दाखवायचे आणि वर नाव गोंदायचे.

आकार हेच कुंपण आहे, ही गोष्ट न्यायालयानेही मान्य केली. अमेरिकेच्या पश्चिम भागाची छायाचित्रे काढणारे लेस्ली केली यांनी अरिबा सॉफ्ट या शोधयंत्राविरुद्ध दावा लावला. त्या शोधयंत्राने त्यांची छायाचित्रे विनापरवाना अंगठ्याएवढी करून आपल्या पानावर दाखवली होती. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्या अंगठ्याएवढ्या प्रती दाखवणे रास्त वापरात धरले. कारण असे, की ती प्रत मोठी करायला गेले तर तिची स्पष्टता जाते, म्हणून ती मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही आणि छायाचित्रकाराचे गिऱ्हाईक तुटत नाही. २००७ मध्ये गूगलच्या बाबतीतही परफेक्ट टेन या कंपनीच्या खटल्यात असाच निकाल आला. आज शोधपानावर चित्रांच्या ज्या ओळी उमटतात, त्यांच्या मुळाशी हा विचार आहे: लहान प्रत कुणाचे नुकसान करत नाही.

२००३ साली तो खरा होता. तेव्हा चित्र शेवटी कागदावर जायचे. आज तसे नाही. जामखेडमध्ये आता जयंतीचे, वाढदिवसाचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे चित्र आधी फोनवर तयार होते, फ्लेक्स त्यानंतर. फोनच्या पडद्यावर हातभर अंतरावरून ६१२ पिक्सेलचे चित्र पुरेसे स्वच्छ दिसते. स्टेटसला ठेवा, ग्रुपवर टाका, तिथे त्याहून मोठ्याची गरजच नसते. छापील कामाचे पाहिले, तरी इंचाला ३०० बिंदूंच्या हिशोबाने ६१२ पिक्सेल दोन इंच होतात, म्हणजे पेपरातल्या एका कॉलमच्या आसपास. म्हणजे दाखवायला ठेवलेली प्रत आता बहुतेकांना वापरायलाही पुरते. लहान आकाराने अडवला जातो तो फक्त फ्लेक्स, आणि फ्लेक्सवालेही अडत नाहीत हे चौंडीच्या रस्त्याने दाखवलेच आहे.

उरले गोंदलेले नाव. त्याचाही भरवसा फार राहिलेला नाही. २०१७ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी दाखवून दिले, की हजारो चित्रांवर एकच चिन्ह एकाच पद्धतीने उमटवलेले असेल, तर ती चित्रे शेजारी ठेवून संगणक ते चिन्ह शोधून काढतो आणि आपोआप पुसतो. चिन्ह दर चित्रावर थोडे वेडेवाकडे करत गेले, तर मात्र पुसणे अवघड जाते, हेही त्यांनीच सांगितले आणि शटरस्टॉकने त्याप्रमाणे आपली पद्धत बदलली. पुढे २०२३ मध्ये चित्रे विकणाऱ्या गेटी इमेजेसने स्टॅबिलिटी एआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीवर दावे लावले. त्या कंपनीच्या यंत्राने नव्याने रचलेल्या चित्रांत गेटीचे चिन्ह विरूप होऊन उमटू लागले होते. त्या यंत्राला शिकवण्यासाठी कोणती चित्रे वापरली गेली होती, हे त्या चिन्हानेच सांगितले.

आपल्याकडे कायदा याबाबत मुका नाही. प्रताधिकार कायदा १९५७ चा, त्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ ब हे कलम आले. हक्कधारकाची ओळख सांगणारी माहिती चित्रावरून जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. करडी अक्षरे पुसताना आपण हेच करतो, ही गोष्ट किती दुकानांत, किती कार्यालयांत ठाऊक आहे? खासगी वाढदिवसाचा फलक एक वेळ सोडून देऊ. पण सरकारी योजनेचा फलक, नगरपरिषदेच्या स्वच्छतेचा फलक, शाळेच्या प्रवेशाचा फलक, यांवर उचललेला नमुना लागतो तेव्हा सार्वजनिक पैशातून केलेल्या कामावर चोरीचा माल चढलेला असतो. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

कारण त्या चित्रामागे एका माणसाची मजुरी असते आणि ती मुळातच तुटपुंजी आहे. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने छायाचित्रकारांच्या मोबदल्याची रचना बदलली. विक्रीच्या १५ ते ४० टक्के हिस्सा, आणि एका विक्रीचा किमान मोबदला फक्त १० सेंट, म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. जगभरच्या छायाचित्रकारांनी निषेध केला, अनेकांनी आपली चित्रे विक्रीतून काढून घेतली. दहा सेंटवर आलेल्या माणसाचे तेही बुडवायचे, हे कोणत्याही हिशोबाने बरोबर नाही.

मात्र विक्रेत्यांनीही आपली पद्धत बदलायला हवी, असे माझे ठाम मत आहे. आयस्टॉकवर पूर्वी आकारावरून किंमत असे. लहान चित्र स्वस्त, मोठे महाग. २०१४ मध्ये त्यांनी ती पद्धत सोडली आणि सगळ्या आकारांना एकच भाव केला. कंपनीच्या सोयीचे असेल ते, पण ज्याला फोनवर टाकण्यापुरते चित्र हवे त्याच्यासाठी सरळ मार्ग बंद झाला. पूर्ण आकाराच्या भावात तो चित्र घेणार नाही, नमुनाच उचलणार. फोनच्या मापाची, चिन्ह नसलेली स्वच्छ प्रत यूपीआयवरून दहा-वीस रुपयांत मिळाली, तर जामखेडचा दुकानदारही ती घेईल. आणि मग नमुना लहान ठेवायचे कारणच उरणार नाही. तो चांगला हजार-दीड हजार पिक्सेलचा, नीट पाहता येईल असा करावा, वर चिन्ह भक्कम गोंदावे. आज घेणाऱ्याला डोळे नीट फोकसमध्ये आहेत की नाहीत हेसुद्धा लहान नमुन्यावरून कळत नाही.

हे झाले जिवंत छायाचित्रकाराच्या चित्राबद्दल. अहिल्यादेवींच्या जुन्या चित्रांची गोष्ट अगदी निराळी आहे, आणि माझा खरा राग तिथे आहे.

आपल्या कायद्यात चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, छायाचित्राचा हक्क पूर्वी ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे असे, २०१२ च्या दुरुस्तीपासून तोही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. चित्रकार रावबहादूर धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांची चित्रे २००५ पासून सर्वांची झाली. फलकांवर दिसणारी अहिल्यादेवींची काही चित्रे हल्लीच्या चित्रकारांची आहेत, त्यांचा मान आणि मोबदला त्यांना मिळायलाच हवा. पण जुनी चित्रे, खर्ड्याच्या लढाईचे जुने नकाशे आणि रेखाटने, संस्थानी काळातली छायाचित्रे यांवर आता कुणाचा मालकी हक्क नाही. तरीही अशी जुनी चित्रे स्कॅन करून, वर आपले नाव गोंदून, लहान नमुना दाखवून विकणाऱ्या एजन्सी जगभर आहेत. पैसे घेऊन त्या मोठी फाइल देतात हे समजू शकतो, स्कॅनिंगलाही श्रम लागतात. पण चित्रच आपल्या मालकीचे असल्यासारखी त्यावर मोहर उठवणे मला मान्य नाही.

अमेरिकेतल्या कॅरल हायस्मिथ यांचे प्रकरण यात बोलके आहे. त्यांनी आयुष्यभर काढलेली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन जनतेसाठी खुली केली. पुढे स्वतःच्याच संकेतस्थळावर स्वतःचेच छायाचित्र लावल्याबद्दल त्यांना १२० डॉलर भरण्याची मागणी आली. त्यांची चित्रे एजन्सींच्या विक्रीत गेली होती. २०१६ मध्ये त्यांनी गेटी आणि इतरांवर दावा लावला, पण त्यातला मोठा भाग न्यायालयाने काढून टाकला. चित्र सर्वांचे झाले म्हणजे ते विकण्यालाही बंदी नाही, अशी ती अडचण आहे. मग सर्वांच्या चित्राचे रक्षण कसे होणार? मोठी प्रत सर्वांना उघडपणे देऊन ठेवणे, एवढाच खात्रीचा उपाय आहे. फुकट आणि पूर्ण आकारात मिळणारे चित्र कुणी चिन्ह गोंदून विकले, तरी घेणार कोण?

याच संदर्भात एक निकाल आपल्या फ्लेक्सवाल्यांशी अनपेक्षितपणे जोडलेला आहे. कॅनडातल्या ज्या कोरल कंपनीचे सॉफ्टवेअर जामखेडच्या दुकानांत दिवसभर उघडे असते, तिनेच नव्वदच्या दशकात युरोपातल्या जुन्या चित्रकारांच्या चित्रांच्या सीडी विकल्या होत्या. लंडनच्या ब्रिजमन आर्ट लायब्ररीने तिच्यावर दावा लावला, की या चित्रांचे फोटो आमचे आहेत. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला, की हक्कमुक्त चित्राची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या फोटोत नवे काही निर्माण झालेले नसते, म्हणून त्यावर नवा प्रताधिकार उभा राहत नाही. आपल्या न्यायालयांना तो निकाल बांधील नाही. पण त्यातला विचार मला पटतो.

ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने २०१२ पासून रेम्ब्रां आणि वर्मीर यांची चित्रे कुणालाही मोठ्या आकारात उतरवून घ्यायला खुली केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रे विनाअट मोकळी केली. तिथल्या एखाद्या गावातल्या छपाईवाल्याला वर्मीरचे चित्र भिंतीएवढे करायचे असले, तर त्याला चौकोन पाहावे लागत नाहीत. चौंडीच्या रस्त्यावरच्या छपाईवाल्याला अहिल्यादेवींसाठी तीच सोय का असू नये? जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर केले. तीनशेव्या जयंतीला मोठे कार्यक्रम झाले. त्या खर्चात पाच-सहा अधिकृत चित्रांच्या प्रत्येकी दहा हजार पिक्सेलच्या फाइल, चित्रकाराचे नाव, साल आणि मूळ चित्र कुठे आहे याची नोंद करून, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर सहज ठेवता आल्या असत्या. अजूनही ठेवता येतील. खर्ड्याचा भुईकोट, चौंडीचा वाडा, गावोगावच्या बारवा यांची छायाचित्रे जामखेडच्याच फोटोग्राफरांकडून रीतसर पैसे देऊन घ्यावीत. आमची ही मुले सौताड्याच्या धबधब्यावर लग्नाआधीचे शूटिंग करतात, रात्रभर एडिटिंग करतात, त्यांच्याकडचे कॅमेरे कोणत्याही शहरी स्टुडिओच्या तोडीचे आहेत. एक मात्र त्यांनी ध्यानात ठेवावे. प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणून कार्यालयाशी काम ठरवताना आपले नाव फलकावर छापले जाईल आणि दुसरीकडे वापर झाल्यास पुन्हा मोबदला मिळेल, हे कागदावर आधी लिहून घ्यावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला आकारापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. चित्रात जो माणूस आहे त्याचे काय?

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठापुढे एका महिलेची याचिका आली. तिचे म्हणणे असे, की एका स्थानिक छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिच्या संमतीशिवाय तो शटरस्टॉकवर चढवला. तिथून तो महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या, केंद्राच्या एका खात्याच्या, एका राजकीय पक्षाच्या आणि खासगी संस्थांच्या जाहिरातींत गेला. खंडपीठाने हे प्रकरण गंभीर मानले, परवानगीविना एखाद्याच्या छायाचित्राचा व्यापारी वापर होतो आहे याची दखल घेतली आणि संबंधितांना नोटिसा काढल्या. चित्राचा नमुना जगातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला घरबसल्या पाहायला मिळतो. जिचा चेहरा आहे, तिला मात्र तो दाखवणे कुणावर बंधनकारक नाही.

विक्रेत्यांचे नियम कागदावर बरे आहेत. जाहिरातीसाठी चित्र विकायचे तर त्यातल्या माणसाची सही असलेले संमतिपत्र लागते, ते नसेल तर फक्त बातमी-लेखापुरता वापर. पण ते पत्र कोणत्या भाषेत आहे, कुणी वाचून दाखवले, सही करणाऱ्या बाईला आपला चेहरा कुठवर जाऊ शकतो याची कल्पना दिली का, हे कोण पाहते? अंगठा उठवला म्हणजे संमती झाली, असे धरून चालायचे का?

जामखेडला हा प्रश्न नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावानेच निवडलेल्या, बहुतेक शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी बाळंतपणे, लसीकरण, कुपोषण ही कामे हाती घेतली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर, विद्यार्थी, पत्रकार जामखेडला येऊ लागले. कॅमेरा घेऊन येणारे पाहुणे इथल्या गावांच्या परिचयाचे आहेत. नॅशनल जिओग्राफिकच्या डिसेंबर २००८ च्या अंकात टिना रोझेनबर्ग यांनी इथल्या आरोग्य सेविकांवर लेख लिहिला, छायाचित्रे लिन जॉन्सन यांची होती. तिथे बाई नावानिशी येते. ती काय करते, कुठल्या गावची, हे चित्राबरोबर राहते. तीच बाई विक्रीच्या संकेतस्थळावर गेली असती, तर तिच्याखाली 'हसरी ग्रामीण भारतीय स्त्री' एवढेच उरले असते आणि तिने कधी न पाहिलेल्या योजनेच्या जाहिरातीत ती लाभार्थी म्हणून उभी राहिली असती.

म्हणून आपल्या तालुक्यात फोटो काढणाऱ्यांनी, ते जामखेडचे असोत की बाहेरून आलेले, एक रीत पाळावी. फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो आधी त्या माणसाला दाखवावा. तो कुठे जाणार आहे, विकला जाणार आहे का, जाहिरातीत येऊ शकतो का, हे मराठीत, समजेल असे सांगावे. संमतिपत्र मराठीत असावे आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी राहावी. फोनच्या मापाची, चिन्ह नसलेली एक प्रत त्याच दिवशी त्याला किंवा त्याच्या मुला-नातवाच्या फोनवर पाठवावी, ज्या संकेतस्थळावर चित्र जाणार त्याचे नाव खाली लिहून. म्हणजे पुढे कुठे काही भलतेच दिसले, तर कुणाला विचारायचे हे घरच्यांना ठाऊक असेल. आणि ती बाई नको म्हणाली, तर कारण न विचारता फाइल तिथेच, तिच्यासमोर पुसावी.